तिला कानडीत विचारलं

फुकट म्हटलं की मी सावध होतो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जन्म गेला माझा. तिथं फुकट एकच गोष्ट मिळायची, मालकाची शिवी. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या मिसेससाठी एक औषध आहे, अजून बाजारात आलेलं नाही, कंपनीकडून मागवून बघतो, त्याचे पैसे पडणार नाहीत, तेव्हा मी पहिला प्रश्न केला, "का?"

"का म्हणजे?"

"कंपनी का देतीया फुकट? आमचं काय नातं लागतं त्यांच्याशी?"

डॉक्टर वयानं माझ्या मुलापेक्षा लहान. ते हसले. डॉक्टर हसले की मला बरं वाटत नाही. दुकानदार हसला तर भाव जास्त लावलाय एवढंच कळतं, डॉक्टर हसला तर काय लावलंय ते कळत नाही.

बायकोला रक्ताच्या गाठींचा कॅन्सर होता. त्याचं इंग्रजी नाव मला अजून नीट घेता येत नाही. मानेत, काखेत गाठी यायच्या. एक औषध दिलं, गाठी बसल्या, परत आल्या. दुसरं दिलं, तेही तसंच. आता नेहमीच्या औषधांत काही उरलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि मग हे नवीन काढलं.

"म्हंजे तिच्यावर प्रयोग करणार तुमी."

"प्रयोग नाही, बाबा. त्या औषधाचा प्रयोग दुसरीकडं चालू आहे. त्यात या बसत नाहीत. वय जास्त आहे, किडनी कमजोर आहे. पण ज्याला दुसरा उपाय उरला नाही अशा एखाद्या पेशंटसाठी ते औषध मागता येतं. मी लिहायचं, कंपनीनं हो म्हणायचं, मग आपल्या हॉस्पिटलच्या कमिटीनं, मग दिल्लीनं. मी हे आधी कधी केलेलं नाही. पण आपल्याकडं त्यासाठी एक मॅडम आहेत, त्या मला मदत करणार आहेत."

शेवटचं ऐकून माझं डोकंच फिरलं. पेशंटला मदत लागते हे मला ठाऊक होतं. डॉक्टरला मदत करायला वेगळं माणूस ठेवतात, हे पहिल्यांदाच ऐकत होतो. कारखान्यात ज्या कामाला एक माणूस पुरतो तिथं दोन दिसले, की दुसरा मालकाचा कान असायचा.

त्या मॅडमची खोली एक्स-रेच्या पलीकडं होती. पूर्वी तिथं मोडक्या खाटा ठेवायचे म्हणे. एक टेबल, दोन खुर्च्या, घरघरणारा पंखा. बाई चाळिशीची, कॉटनची साडी, गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड. डॉक्टर नाही, नर्स नाही. मी दारात उभा होतो तेव्हा फोनवर इंग्रजीत बोलत होती, आणि एवढं गोड बोलत होती की मी मनात म्हटलं, हे माणूस काहीतरी विकतंय.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तुमचा पगार कोण देतं?"

"हॉस्पिटल. बसा ना."

"कंपनी न्हाय देत?"

"नाही हो. लिहून देऊ का?"

"लिवलेलं काय, कुनीबी लिवतं."

तिला राग आला नाही. याचाही मला संशयच आला. तिनं सांगितलं, डॉक्टर दिवसभर पेशंट बघतात, अशा औषधासाठी कुणाला लिहायचं, काय लिहायचं, कुठल्या रिपोर्टशिवाय कंपनी उत्तर देत नाही, हे त्यांना माहीत नसतं. माहीत नसतं म्हणून बरेच डॉक्टर मागतच नाहीत. माझं काम एवढंच, की मागायला अडू नये.

मी हो म्हटलं आणि माझ्या पद्धतीनं शोध सुरू केला. माझी पद्धत साधी आहे. एकच गोष्ट तिघांना वेगवेगळी विचारायची. मुकादम काय म्हणतो, जॉबर काय म्हणतो आणि हजेरीवाला काय म्हणतो, हे जुळलं तर खरं. मी डॉक्टरांना विचारलं, औषध कुठून येणार? म्हणाले, परदेशातून. मॅडमला विचारलं, म्हणाली, कंपनीकडून. वॉर्डाच्या शिपायाला चहा पाजून विचारलं, तो म्हणाला, "दिल्लीहून, काका. असलं सगळं दिल्लीहूनच येतं."

तीन माणसं, तीन गावं. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "ह्यात काळंबेरं हाय."

ती विड्या वळत बसली होती. आजारातही विड्यांचं सूप मांडीवरून खाली उतरत नव्हतं. म्हणाली, "असू दे की." आणि दोरा गुंडाळला.

हे तिचं नेहमीचं. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, सीमा ओलांडून कर्नाटकात. माझं गाव माढ्याकडचं. लग्न झालं तेव्हा तिला मराठीतलं "पाणी" आणि "भाकरी" सोडून फारसं येत नव्हतं. माझ्या आईनं सांगितलं होतं, या घरात कानडी बोलायचं नाही, आम्हाला शिव्या दिल्या तरी कळायचं नाही. ती हसली आणि त्या दिवसापासून सगळ्याला "व्हय" म्हणायला लागली. मग आम्ही सोलापुरात आलो. शेजारी सगळे तेलगू विणकर. त्यांच्या बायकांकडून ती विड्या वळायला शिकली, थोडं तेलगूही शिकली. पण माझ्याशी कामापुरतं मराठी. मला वाटायचं बाई अबोल आहे.

मॅडमनं आम्हाला दोघांना बोलावलं. औषध घ्यायचं का नाही, हे पेशंटनं स्वतः सांगायचं असतं म्हणे. मी म्हटलं, "तिला काय इचारायचं, मी हाय की."

"मला मावशींच्या तोंडून ऐकायचंय."

बायको खुर्चीच्या टोकावर बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. मॅडम सावकाश बोलत होती.

"मावशी, हे औषध अजून पूर्ण तपासलेलं नाही. कळलं ना?"

"व्हय."

"यानं गुण येईलच असं नाही."

"व्हय."

"त्रासही होऊ शकतो. ताप येईल, गळून गेल्यासारखं होईल."

"व्हय."

"नको म्हणालात तरी आम्ही तुम्हाला सोडणार नाही. दुखण्यावर, तापावर उपचार चालूच राहतील."

"व्हय."

"मग, नको म्हणता?"

"व्हय."

मॅडम थांबली. "म्हणजे घ्यायचंय?"

"व्हय की."

मी म्हटलं, "झालं. म्हणाली की व्हय." मॅडमनं पेनाला टोपण लावलं आणि आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. म्हणाली, डॉक्टरांचं पत्र कमिटीपुढं ठेवते, पण आजची हकीकत आहे तशी सांगते.

मला त्या कमिटीचा राग आला होता. बायकोच्या मानेतली गाठ लिंबाएवढी झालेली. आणि मधे ही कमिटी. मी विचारलं, कोण असतं तीत? मॅडम म्हणाली, डॉक्टर असतात, वकील असतात, आणि एक साधा माणूस असतो, ज्याला औषधातलं काही कळत नाही. त्यानं पेशंटच्या बाजूनं बघायचं असतं.

"आमच्या बाजूनं? तो वळखतो का आमाला?"

"नाही. म्हणून तर."

"नाव सांगा त्याचं."

"ते नाही सांगता येणार."

नाव सांगत नाहीत म्हटल्यावर मी गप्प बसणार? शिपायाला परत चहा पाजला. त्याला नाव माहीत नव्हतं, पण दुकान माहीत होतं. नव्या पेठेत, साड्यांचं, कोपऱ्यावर. मीटिंगला ते शेठ येतात तेव्हा शिपायाच्या बायकोसाठी साडीवर सूट देईन म्हणतात, आणि अजून दिलेली नाही, एवढं तो कळवळून बोलला.

दुसऱ्या दिवशी गेलो. नव्या पेठेत भरदुपारीही माणसाला माणूस लागतं. दुकान शोधायला वेळ लागला नाही. शेठ गादीवर बसले होते, कपाळावर विभूती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी चपला काढून वर बसलो.

"या मालक. काय दाखवू?"

"इरकल दाखवा."

त्यांनी घड्या काढल्या. मी एक हातात घेतली, काठ बघितल्यासारखं केलं आणि विचारलं, "शेठ, तुमी दवाखान्यातबी बसता म्हनं."

शेठचा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"लोक म्हणत्यात. काय मिळतं तितं बसून?"

"चहा. बिस्किट. रिक्षाचं भाडं."

"आन् तुमाला औषधातलं काय कळतं?"

"काही नाही."

"मग कशाला बसता?"

शेठ हसले नाहीत, ते मला आवडलं. म्हणाले, "मला कळलं नाही की मी विचारतो. परत नाही कळलं की परत विचारतो. डॉक्टर लोक वैतागतात. पण मला कळेल असं सांगता आलं, तर पेशंटलाही सांगता येईल, असा माझा हिशेब." मग आवाज बारीक केला. "हे बघा, मालक, तुमचं माणूस तिथं असेल तर मला सांगू नका. मी त्यावर बोलणार नाही. साडी घ्यायची तर साडी बघा."

मी म्हटलं बघतो. आल्यासारखं दहा मिनिटं बसावं, काही हाती लागतंय का बघावं.

"कुणासाठी?" शेठनी विचारलं.

"बायकोसाठी."

"त्यांना रंग कुठला आवडतो?"

"मी आणीन ती नेसती."

"आवडीचा रंग असेल की एखादा. कधी विचारलं नाही?"

"कशाला इचारायचं? व्हयच म्हणती ती सगळ्याला."

शेठनी चष्मा वर केला. "माहेर कुठलं?"

मी सांगितलं.

"म्हणजे कानडी. घरात काय बोलतात?"

"मराठी."

"आणि भावाबिवाशी?"

"त्याच्याशी कानडी. त्याचा फोन आला की तासभर हलत न्हाय. हसती काय, भांडती काय."

"आणि तुमच्याशी?"

"माझ्याशी कामापुरतं. सौंसार झाला की सगळा त्यातच."

 शेठनी एक अंजिरी इरकल घडी घालून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ही राहू दे. त्यांना विचारून या, मग बघू." मला वाटलं, गिऱ्हाईक परत यावं म्हणून केलेली ही दुकानदारी. उठलो आणि आलो. काहीच हाती लागलं नव्हतं, उलट मीच सगळं बोलून बसलो होतो. एसटी स्टँडच्या रस्त्यानं चालताना मला स्वतःचाच राग आला.

आठवड्यानं मॅडमचा फोन. "कमिटीनं एक अट घातली आहे. मावशींना त्यांच्या माहेरच्या भाषेत परत विचारायचंय."

शेठनं काडी घातली, हे माझ्या लगेच लक्षात आलं. रागाच्या भरात हॉस्पिटलात गेलो आणि मॅडमच्या टेबलावर हात आपटला. "तितं माझं माणूस चाललंय आन् तुमी भाषा बघताय? मराठी कळती तिला! जलम गेला तिचा मराठीत!"

"बाबा, मी पण तुमच्याइतकीच घाईत आहे. कंपनीचं हो आलंय. दिल्लीकडं डॉक्टरांचं पत्र आधीच गेलंय, कमिटीसाठी मी थांबले नाही. आमच्याकडं एक सिस्टर आहे, कर्नाटकातल्या इंडीकडची. उद्या सकाळी बसू. एका दिवसाच्या वर हे लांबणार नाही."

आणि दुसऱ्या सकाळी मला बाहेर बसवलं. "तुम्ही बाहेर थांबा" असं मॅडमनं सांगितलं तेव्हा माझा संशय शिगेला पोचला. आत काय असं होणार होतं, की नवऱ्यानं ऐकू नये? पण मी बाकावर बसलो. दार लोटलेलं. पंख्याची घरघर आणि मधे आवाज.

ती सिस्टर पोरगीच होती. "यव्वा", म्हणजे आई, म्हणून तिनं सुरुवात केली, एवढं मला ऐकू आलं. मग बराच वेळ तीच बोलत होती. मग माझी बायको बोलायला लागली.

मला कानडी बाजारापुरतं कळतं. शेंगा कितीला, रस्ता कुठला, एवढं. आत चाललेलं मला कळत नव्हतं. पण आवाज कळत होता. तो आवाज मी फक्त भावाच्या फोनवर ऐकला होता. भरभर, चढउतार, मधेच थांबून परत मागं जाणारा. प्रश्न विचारणारा. तिनं प्रश्न विचारले, एकामागून एक. सिस्टर उत्तर द्यायची, मग ही परत काहीतरी खोदायची. एकदा बराच वेळ नुसती पंख्याची घरघर, आणि मग दोघी मोठ्यानं हसल्या. मला वाटलं, माझ्यावर हसल्या. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

मला राहवलं नाही. दार ढकललं. "काय चाललंय?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. डोळे ओले होते, पण चेहरा ताठ. म्हणाली, "वाईच भाइर थांबा की."

लग्न झाल्यापासून तिनं मला कुठं थांबायला सांगितलं नव्हतं. मी थांबलो.

अंगठा उठवून ती बाहेर आली. रिक्षात मी विचारलं, "काय म्हणलीस?"

"घेते म्हणलं."

"एवढा येळ?"

"त्या पोरीचं गाव आमच्या गावाशेजारी निगालं. तिची आत्या माज्या मामाच्या वाड्यावर हाय."

"हसत काय व्हता?"

"अशीच."

अशीच म्हणजे काय ते मला कुणी सांगितलं नाही. सिस्टरला गाठून विचारलं, ती म्हणाली, "आजोबा, आजीला विचारा." मॅडमला विचारलं, तीही तेच. तिघींचं बोलणं जुळत होतं, आणि माझ्या पद्धतीनं ते खरं धरायला पाहिजे होतं. मला मात्र वाटलं, तिघींनी आत बसून ठरवलंय.

कमिटीचं हो आलं, दिल्लीचंही आलं, आणि औषध आलं. ते यायच्या आधी दोन दिवस मॅडम फोनला चिकटून होती, मुंबईत विमानतळावर डबा अडकला होता. या वेळी ती गोड बोलत नव्हती. "बर्फ वितळला तर जबाबदार कोण?" असं मराठीत कुणाला तरी दरडावून विचारत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, ही विकत नाहीये, मागतीये. पण हे मी तिला बोललो नाही.

थर्मोकोलचा डबा, आत बर्फाच्या पिशव्या, मधे काचेच्या छोट्या बाटल्या. मी हट्ट धरला, सील माझ्यासमोर फोडा. डॉक्टरांनी फोडलं. एक बाटली मी उजेडात धरून बघितली. पाण्यासारखं पाणी. मी म्हटलं, "हे?"

"हेच," डॉक्टर म्हणाले. "काय अपेक्षा होती?"

 रंग तरी असावा असं वाटलं होतं.

पहिल्या सलाईननंतर तिला थंडी वाजून ताप आला. मी वॉर्डात आरडाओरडा केला. डॉक्टर रात्री घरी न जाता तिथंच थांबले. ताप उतरला. दुसऱ्या सलाईनला तेवढा आला नाही. आणि मग गाठी बसायला लागल्या. खोटं बोलत नाही. मानेतली लिंबाएवढी गाठ बोराएवढी झाली, मग हाताला लागेना. ती ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी मागून खायला लागली. वळलेल्या विड्या घेऊन स्वतः विडी कारखान्याच्या ब्रँचला गेली, तिथल्या तपासनिसानं विड्या खराब ठरवून बाजूला काढल्या म्हणून त्याच्याशी भांडून आली. शेजारणी तेलगूत काहीतरी बोलल्या आणि ती त्यांच्यासोबत हसत ओट्यावर बसली. मी आत चहा करत होतो. चांगले दिवस होते ते.

संशय तेव्हाही गेला नव्हता. रिकाम्या बाटल्या सिस्टर फेकत नसत, डब्यात ठेवून त्यावर सही करत. मी बायकोला म्हटलं, "बघ, रिकाम्या बाटल्या गोळा करत्यात. भरून परत इकत असतील."

ती मला म्हणाली, "अवो, ब्रँचवाला पान देतो, तंबाकू देतो, ते आपलं असतं का? एक पान कमी आलं तर इचारतो की न्हाय? तसंच हाय हे. त्यांचं औषध, त्ये बघणारच कुटं गेलं."

"तुला कुनी सांगितलं?"

"कुनी सांगायला कशाला पायजे?"

मग गाठी परत आल्या. या वेळी पोटात. डॉक्टरांनी फोटो दाखवला, मला त्यात काळं-पांढरं सोडून काही दिसलं नाही. ताप रोजचा झाला. ती गळून गेली. सूप कोपऱ्यात उभं राहिलं. तरी डॉक्टर म्हणाले, अजून एकदोन सलाईन देऊन बघता येतील, कधीकधी उशिरा फरक पडतो, फार आशा ठेवू नका. मी म्हटलं, द्या. ठरल्या दिवशी तिला रिक्षात घालून नेलं. डॉक्टर तिच्याशी आत बोलले, ती इंडीची सिस्टर बरोबर होती. मग डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आज सलाईन नाही. आता थांबवतोय."

माझं अंग तापलं. सरळ मॅडमच्या खोलीत गेलो.

"मला ठावं व्हतं! गुण येत न्हाय म्हणल्यावर कंपनीनं हात वर केले. फुकटचं एवढंच असतंय. औषध संपलं म्हणून सांगा की तोंडावर!"

मॅडम उठली. "चला माझ्याबरोबर."

तिनं मला औषधाच्या खोलीत नेलं, फ्रीज उघडला आणि डबा दाखवला. त्यावर बायकोचं नाव होतं, तेवढं मला वाचता येतं. आत बाटल्या होत्या. भरलेल्या.

"मग द्या की!" मी ओरडलो. "हाय की औषध!"

"मावशी नको म्हणाल्यात."

"तिला काय कळतं? ती तापात हाय. मी सांगतो, द्या."

"नाही देता येणार." ती दाराला टेकून उभी राहिली. "मावशींनी आज सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तरी चालेल. पहिल्याच दिवशी त्या सिस्टरला कानडीत म्हणाल्या होत्या: मी औषध घेते. ह्यांच्यासाठी घेते, नाहीतर हे जगभर भांडत बसतील. पण ज्या दिवशी मी साकु म्हणेन, त्या दिवशी थांबवायचं. ह्यांना विचारायचं नाही. ह्यांना थांबता येत नाही."

साकु म्हणजे पुरे, एवढं कानडी मला येतं.

मी म्हटलं, "खोटं." मॅडमनं वाद घातला नाही. मी सिस्टरला शोधून काढलं. "तू भरवलंस तिच्या डोक्यात हे?"

पोरगी घाबरली नाही. "आजोबा, मी फक्त विचारलं. तुम्हाला काय वाटतं, असं विचारलं. आधी त्या खूप वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, असं कुणी विचारत नाही. मग हसायलाच लागल्या."

घरी आणलं. कॉटवर झोपवलं. मी स्टूल ओढून बसलो.

"तू पुरे म्हणलीस?"

"व्हय."

"तुज्या त्या व्हयला काय अर्थ हाय? तू सगळ्यालाच व्हय म्हणतीस."

तिला हसू आलं, मग खोकला आला. पाणी दिलं. म्हणाली, "हे मनातलं हाय."

"मला का इचारलं न्हाईस?"

"तुमी थांबला असता?"

"न्हाई थांबलो असतो."

"म्हणून."

"आगं, औषध हाय तितं! फ्रीजमदी हाय, तुजं नाव घालून ठिवलंय. मी डोळ्यानं बघून आलोय. उद्या जाऊ. माज्यासाठी एकदा."

ती म्हणाली, "तुमच्यासाठीच घेतलं की एवढं." आणि भिंतीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं परत माझ्याकडं वळून म्हणाली, भावाला बोलावून घ्या.

भाऊ आला. डॉक्टरांनी दुखणं कमी करायचं औषध दिलं होतं, ते वेळेवर देत गेलो. मॅडम एकदा घरी येऊन गेली, तिला खुर्ची दिली, चहा दिला, बोललो नाही. भाऊ-बहीण कानडीत बोलत राहायचे. मी रोज सकाळी तिला एकदा विचारायचो, जायचं का दवाखान्यात? ती नको म्हणून मान हलवायची. शेवटच्या दिवशीही विचारलं. मान हलवायची ताकद नव्हती, तर भावानं तिच्याऐवजी हलवली. त्याच्यावर मी त्या दिवशी ओरडलो, ते तिला ऐकू गेलं का नाही, माहीत नाही.

आता लोक मला समजावतात. मुलगा पुण्याहून फोन करून समजावतो. डॉक्टर म्हणाले, त्या दोन सलाईननी काही बदललं नसतं, चार दिवस जास्त गेले असते, तेही तापात आणि वॉर्डात. डॉक्टर खोटं बोलत नाहीत, एवढं मी आता मानतो. मॅडमही नाही. कुणी मला फसवलं नाही, हे मी तपासून बघितलंय.

पण ते औषध फ्रीजमध्ये होतं आणि ती घरात कॉटवर होती. मधे रिक्षानं पाव तास लागतो. सकाळी उठलो की अजून मी तेवढाच रस्ता मनात जातो, तिला रिक्षात बसवतो, तिचा पदर चाकात जाऊ नये म्हणून आत घेतो. तिनं पुरे म्हटलं ते तिच्यापुरतं बरोबर असेल. मला ते पटलेलं नाही.